घडण्याआधीचे नाव

तळवडे गावाच्या एका अंगाला देहू आहे आणि दुसऱ्या अंगाला देहूरोड. देहू तुकोबांचे, इंद्रायणीच्या काठाने वर गेले की लागते ते. देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली. नागपूरची धम्मदीक्षा त्यानंतर जवळजवळ दोन वर्षांनी झाली. माणसाचा ‘मी’ म्हणजे काय, आणि त्या ‘मी’चा त्याच्या नावाशी संबंध काय, यावर खोल विचार केलेल्या दोन परंपरा अशा या गावाच्या शेजाराला नांदत आहेत. आणि याच पट्ट्यात, निगडी-चिखलीपासून चाकणपर्यंत, आज अनेक घरांत एक नवा प्रश्न येऊन बसला आहे. मुलगा कुस्ती खेळतो, मुलगी नेमबाजीला जाते, वय तेरा-चौदा. आणि आईवडिलांना सांगितले जाते की नुसता सराव आता पुरत नाही, मुलाचा ‘पर्सनल ब्रँड’ उभा करा. त्याच्या नावाचे पान काढा, रोजच्या सरावाची रील टाका, एक ओळख ठरवा आणि ती सतत दिसत ठेवा, म्हणजे फॉलोअर वाढतील, फॉलोअर वाढले की स्पॉन्सर येईल. घरातली वडीलधारी माणसे यावर म्हणतात की हा सगळा अहंकार आहे, गुणाला जाहिरात लागत नाही. हा सल्ला आणि त्याला मिळणारे हे उत्तर, दोन्ही मला अपुरे वाटतात. अहंकाराचा आरोप चुकीच्या जागी बसतो, आणि तो तसा बसल्यामुळे खरा धोका नजरेआड होतो.

आधी अहंकाराचे पाहू. स्वतःचे नाव पुढे करणे हेच जर पाप असते, तर मराठीतल्या संतांनी ते केले नसते. अभंगाच्या शेवटच्या चरणात रचणाऱ्याचे नाव गुंफण्याची रीत नामदेवांपासून तुकोबांपर्यंत अखंड आहे. अहंकार गळून पडावा म्हणून आयुष्य वेचणारी माणसे प्रत्येक रचनेवर आपली नाममुद्रा उमटवतात, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला विसंगत वाटेल. पण ती मुद्रा काय काम करते ते बघावे. कीर्तनात अभंग गाणारा दुसराच कोणी असतो, ऐकणारे चारशे वर्षांनंतरचे असतात. मुद्रा त्यांना सांगते की हे बोलणे कोणाच्या अनुभवावर उभे आहे, आणि खोटे ठरले तर जाब कोणाला विचारायचा. तुकोबांना हा जाब प्रत्यक्ष विचारला गेला. परंपरा सांगते की वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या आणि त्यांनी नदीकाठी तेरा दिवस धरणे धरले. नाव घातलेले असल्यामुळेच ती किंमत त्यांना चुकवता आली नाही. तळवड्यातल्या छोट्या कारखान्यांत हा भेद रोज हाताळला जातो: गाडीच्या सुट्या भागावर बॅच क्रमांक ठोकलेला असतो, तो पुढे भाग फुटला तर चूक कुठे झाली ते शोधता यावे म्हणून, आणि बॉनेटवर चमकणारे चिन्ह असते, ते गाडी विकली जावी म्हणून. दोन्ही ठसेच आहेत. संतांची मुद्रा पहिल्या जातीची होती. खेळाडूच्या नावाचा प्रश्नही इथेच सुरू होतो: ते नाव त्याच्या कृतीची जबाबदारी घेण्यासाठी आहे, की कृती होण्याच्या आधीच विक्रीला काढण्यासाठी?

मराठी मुलखात खेळाडूच्या नावाची एक जुनी व्यवस्था आहे आणि ती तालमीत दिसते. मैदानात मल्ल उतरतो तेव्हा त्याच्या नावाबरोबर गाव पुकारले जाते, तालीम पुकारली जाते, आणि तो कोणत्या वस्तादाचा पठ्ठा हे सांगितले जाते. हलगीच्या कडकडाटात प्रेक्षकांच्या कानावर एकटा माणूस कधीच पडत नाही. त्याच्यामागे लाल माती उकरणारे, जोर काढून घेणारे, खुराकासाठी दूध पोचवणारे, आणि ज्याच्याशी रोज झोंबून तो तयार झाला तो जोडीदार, असे सगळे त्या पुकाऱ्यात असतात. आपल्या शास्त्रांनी माणूस जन्मतःच ऋण घेऊन येतो असे म्हटले, पितरांचे, ऋषींचे, देवांचे. तालमीने त्यात वस्तादाचे आणि जोडीदाराचे ऋण घातले. २०२० च्या जानेवारीत बालेवाडीला ‘महाराष्ट्र केसरी’ची अंतिम कुस्ती हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके या एकाच गुरूच्या, काका पवारांच्या, दोन पठ्ठ्यांत झाली. सदगीर जिंकला आणि त्याने हरलेल्या शेळकेला खांद्यावर उचलून घेतले. ते दृश्य लोकांच्या लक्षात राहिले, कारण मिळालेले नाव आपल्या एकट्याचे नाही हे जिंकणाऱ्याने त्या क्षणी कोणी न सांगता कबूल केले. या व्यवस्थेतही दोष होते. वस्तादाची हुकूमत कधी जुलमी व्हायची, जातीची दारे बंद असायची, मुलींना तर मातीत पाय टाकू दिला जात नसे. हे दोष सांगितलेच पाहिजेत. तरीही त्यातली एक गोष्ट आजच्या सल्ल्यात पार हरवली आहे, ती ही की नाव हे फेडायचे असते. ब्रँड उभारा म्हणणारा त्या मुलाला सांगतो की तुझे नाव हे तुझे भांडवल आहे, ते गुंतव आणि वाढव. ऋण आणि भांडवल यांत हिशेबाची दिशाच उलटी होते.

पण मला यापेक्षाही गंभीर वाटते ती दुसरी बाजू, आणि तिथे देहूरोडच्या विहारातून येणारा विचार जास्त उपयोगी पडतो. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात राजा मिलिंद भिक्खू नागसेनाला नाव विचारतो. नागसेन सांगतो की मला नागसेन म्हणतात खरे, पण ती केवळ व्यवहारासाठी दिलेली खूण आहे, त्या नावामागे कायमचा, न बदलणारा असा कोणी सापडणार नाही. पुढे रथाचा प्रसिद्ध दृष्टान्त येतो: चाक रथ नव्हे, आस रथ नव्हे, जू रथ नव्हे. बौद्ध विचाराचा गाभा असा की माणूस ही घडत राहणारी प्रक्रिया आहे, आणि तिला गोठवून ‘हाच मी’ म्हणणे हे दुःखाचे मूळ आहे. प्रौढ माणसाला हे पटवून घ्यायला साधना करावी लागते. चौदा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत मात्र ते उघड्या डोळ्यांना दिसते. त्याची उंची वाढते आहे, वजनगट दर वर्षी बदलतो आहे, आवाज फुटतो आहे. आज धावणारी मुलगी उद्या भाला उचलेल, परवा कदाचित खेळच सोडून प्रयोगशाळेत रमेल. ब्रँडचा पहिला नियम सातत्य हा आहे. लोकांनी ज्यासाठी तुम्हाला पाहिले तेच त्यांना पुन्हा पुन्हा मिळाले पाहिजे, ओळख बदलली की गिऱ्हाईक तुटते. म्हणजे ज्या वयाचा धर्मच बदलणे हा आहे, त्या वयाला न बदलण्याची अट घातली जाते. माझा मुख्य आक्षेप हा आहे. मुलगा गर्विष्ठ होईल ही भीती दुय्यम आहे, गर्व पहिल्या चांगल्या पराभवात उतरतो. वाईट हे आहे की पराभवच त्याला परवडेनासा होतो.

सराव म्हणजे काय हे जरा बारकाईने पाहिले तर हे स्पष्ट होईल. नवा डाव शिकणारा पैलवान महिनोन्महिने त्या डावात पडतो. धावण्याची ढब सुधारणारी मुलगी काही काळ आधीपेक्षा सावकाश धावते, कारण जुनी सवय मोडल्याशिवाय नवी बसत नाही. नेमबाजाचे श्वास आणि चाप यांचे गणित जुळेपर्यंत गुण खाली जातात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला ५० मीटर रायफल तीन स्थितींमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्यपदक जिंकला तेव्हा तो २८ वर्षांचा होता, आणि जवळजवळ दशकभर रेल्वेत तिकीट तपासनिसाच्या नोकरीवर होता. त्या आधीच्या वर्षांत महाराष्ट्रातल्या किती लोकांना त्याचे नाव माहीत होते? ही अनामिकता त्याच्यावर लादलेली होती हे खरे, तिचे मी गुणगान करणार नाही. पण तिने एक गोष्ट त्याला दिली. वाईट दिवस कोणाला समजावून सांगावे न लागता संपत होते. ज्याला रोज संध्याकाळी चांगला दिसणारा तुकडा टाकायचा आहे, तो सकाळच्या सरावात जे आधीच येते तेच करू लागतो. कॅमेऱ्यासमोर कोणी आपले कच्चे अंग घोटत बसत नाही.

लोकांच्या नजरेत अकाली आलेल्या नावाचे काय होते, याचे उदाहरण कल्याणचे आहे. ५ जानेवारी २०१६ रोजी प्रणव धनावडे या पंधरा वर्षांच्या मुलाने शालेय सामन्यात ३२७ चेंडूंत नाबाद १००९ धावा केल्या. रिक्षाचालकाचा हा मुलगा एका रात्रीत जगभर पोहोचला. मुंबई क्रिकेट असोसिएशनने त्याला पाच वर्षांसाठी दरमहा १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती जाहीर केली. पुढे त्याची बॅट तशी चालेना, आणि प्रत्येक बाद होण्याची तुलना त्या चार आकडी संख्येशी होऊ लागली. २०१७ मध्ये त्याच्या वडिलांनी असोसिएशनला कळवले की मुलाची कामगिरी उतरली आहे तोवर ही शिष्यवृत्ती थांबवावी. या गोष्टीकडे मी मोठ्या आदराने पाहतो. पैशाची गरज असलेल्या घराने पैसा नाकारला, कारण त्या पैशाबरोबर येणारी ओळख मुलाच्या अंगावर बसत नव्हती. त्या कुटुंबाने ब्रँड बनवला नव्हता, तो त्यांच्यावर येऊन आदळला होता. आज मात्र हजारो घरे हेच ओझे आपल्या हातांनी मुलाच्या पाठीवर बांधत आहेत. दुसरे उदाहरण जवळचेच. चाकण ज्या खेड तालुक्यात येते, तिथलाच पैलवान शिवराज राक्षे २०२३ मध्ये ‘महाराष्ट्र केसरी’ झाला. २०२५ च्या अहिल्यानगरच्या स्पर्धेत पंचांच्या निर्णयावरून वाद झाला, त्याने पंचांना लाथ मारली आणि त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. कृत्य चूकच होते. पण काही सेकंदांच्या त्या चित्रफितीने अनेक लोकांपुरती त्याची सगळी माती पुसून टाकली. तो प्रौढ पैलवान होता, मागे तालीम होती, गाव होते. पंधरा वर्षांच्या मुलाचे सगळे नावच पडद्यावर उभे असेल, तर अशा एका क्षणानंतर त्याने कुठे परतायचे?

या बाबतीत आपला कायदा तत्त्वज्ञानाच्या जवळ जातो असे मला वाटते. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात ठरवले की अज्ञानाने, म्हणजे सज्ञान न झालेल्या व्यक्तीने, केलेला करार मुळातच शून्य असतो. यामागे मुलाच्या बुद्धीबद्दल तुच्छता नाही. कायदा एवढेच मानतो की ज्याचा ‘मी’ अजून पक्का झालेला नाही, त्याला त्याच्या आजच्या शब्दात उद्या बांधून ठेवणे अन्याय आहे. घर गहाण टाकण्याच्या बाबतीत जे आपण शंभर वर्षांहून जास्त काळ मान्य केले, ते चेहरा आणि नाव यांच्या बाबतीत विसरतो. पालकाची सही चालते, म्हणून सौदा होतो. अमेरिकेत १ जुलै २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना आपले नाव, छबी आणि प्रतिमा यांवर पैसे कमावण्याची मुभा मिळाली, आणि ती मागणी न्याय्य होती. त्यांच्या घामावर विद्यापीठे अफाट कमावत होती आणि खेळणाऱ्याला त्यातला वाटा नव्हता. पण ते विद्यार्थी सज्ञान होते, आणि त्यांच्या नावावर कमाई आधीच चालू होती, फक्त ती दुसऱ्याच्या खिशात जात होती. पुढे ही वाट अनेक राज्यांत माध्यमिक शाळांपर्यंत उतरली, तेव्हा न्यायाची मागणी आणि मुलांची बाजारपेठ यांतली रेघ पुसट झाली. आपल्याकडे त्या मागणीचा न्याय न घेता तिची नक्कलच तेवढी होते आहे.

आता सगळ्यात जड आक्षेप, आणि तो गरिबीचा आहे. कोणी म्हणेल, हे सगळे पोट भरलेल्यांचे तत्त्वज्ञान आहे. खाशाबा जाधवांना १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले, तेव्हा स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले. त्यांच्या गोळेश्वर गावी बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि मग देश त्यांना विसरला. १९८४ मध्ये अपघातात ते गेले, अर्जुन पुरस्कार आला तो त्यानंतर दीड दशकाहून अधिक काळाने. या आपल्या औद्योगिक पट्ट्याला तर मुरलीकांत पेटकरांचे नाव जवळचे वाटायला हवे. पेठ इस्लामपूरचा हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाला, १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्ण जिंकला, आणि नंतर पुण्यात टेल्कोत नोकरी करून निवृत्त झाला. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, म्हणजे ४६ वर्षांनी. त्यांच्या आयुष्यावरचा चित्रपट २०२४ मध्ये आला, तेव्हा अनेकांना ते पहिल्यांदा कळले. मग, आक्षेप घेणारा विचारतो, स्वतःचा डांगोरा पिटला असता तर काय बिघडले असते? आज हातात फोन आहे, उद्याच्या पेटकरांनी ४६ वर्षे का थांबावे?

हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याला थांबा असे उत्तर देण्याचा हक्क कोणालाच नाही. पण दोष कोणाचा होता ते नीट पाहावे. खाशाबांनी आपले काम केले होते, पेटकरांनीही केले होते. न केलेले काम आपले होते. तुकोबांच्या वह्या पाण्यात गेल्या, तरी गाथा उरली. ती लोकांच्या मुखात होती म्हणून, आणि चाकणमध्ये जन्मलेल्या संताजी जगनाडे यांनी ते अभंग लिहून जपले म्हणून. संताजी तेली समाजातले, तुकोबांच्या टाळकऱ्यांपैकी एक. सुदुंबऱ्याला त्यांची समाधी आहे. कवीने रचायचे आणि ऐकणाऱ्यांतल्या कोणीतरी ते सांभाळायचे, ही वाटणी या भूमीला माहीत होती. खाशाबांच्या वेळी ती एका प्राचार्याने पाळली आणि बाकीच्यांनी मोडली. आज तिला पर्याय म्हणून आपण मुलाला सांगतो की रचणारा तूच हो आणि संताजीही तूच हो. खेळही, आणि आपल्या खेळाची आठवणही तूच ठेव. समाजाच्या चुकलेल्या कर्तव्याचा बोजा सर्वांत लहान खांद्यावर टाकण्यासारखे हे आहे. शिवाय ब्रँडची ही वाट गरिबाला फारशी लाभतही नाही. चांगला कॅमेरा, संपादन करणारा माणूस, इंग्रजीत लिहिलेली ओळख, दिसायला देखणा सरावाचा हॉल, हे ज्याच्याकडे आहे त्याचे पान आधी वर येते. पाड्यावरच्या मुलीचा वेग घड्याळाला दिसतो, रीलला दिसेलच याची खात्री नाही. म्हणून गरिबांच्या बाजूने ब्रँडचा युक्तिवाद करणाऱ्यांनी आधी हे पाहावे की दारिद्र्यामुळे खेळात जी विषमता आहे, तिच्यावर आपण दुसरी एक चढवत तर नाही ना. जे आवश्यक आहे ते वेगळे आहे आणि त्यात मला काहीच वावगे दिसत नाही: स्पर्धांचे निकाल, वेळा, गुण, दुखापती, प्रशिक्षकाचे नाव यांची खरी, अद्ययावत नोंद ठेवणे आणि मदत करू शकणाऱ्यापर्यंत ती पोहोचवणे. ही नाममुद्रा आहे. ती मागे घेतलीच पाहिजे असे कोणतेही अध्यात्म सांगत नाही.

दुसरा आक्षेप गीतेच्या बाजूने येईल, आणि तो मराठी वाचकाला सुचणे साहजिक आहे. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले ‘गीतारहस्य’ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यात त्यांनी कर्मसंन्यासाविरुद्ध कर्मयोगाची बाजू लावून धरली. फळ टाकायचे नसते, फळाची आसक्ती टाकायची असते. आणि श्रेष्ठ माणूस जसे वागतो तसे इतर वागतात, म्हणून लोकसंग्रहासाठी त्याने लोकांसमोर कर्म करीत राहिले पाहिजे. मग खेळाडूनेही आसक्ती न ठेवता आपली प्रतिमा उभारावी, त्यातून दहा मुले मैदानावर येतील, यात वाईट काय? प्रौढ खेळाडूबाबत मला हे मान्य आहे, आणि त्याचे उदाहरणही आपल्याच मातीतले आहे. सचिन तेंडुलकर १९८९ मध्ये सोळाव्या वर्षी कसोटी खेळला. वर्ल्डटेल या कंपनीशी त्याचा तो गाजलेला मोठा करार झाला १९९५ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, सहा वर्षांची आंतरराष्ट्रीय कामगिरी पाठीशी असताना. आणि त्याने एक व्रत पाळले: तंबाखू आणि मद्य यांची जाहिरात करणार नाही, असा शब्द त्याने वडिलांना दिला होता. १९९६ च्या विश्वचषकात तो बॅटवर कोणाचेही नाव न लावता खेळला. नाव विकतानाही काय विकायचे नाही हे ज्याला आधी ठाऊक आहे, तो नावाचा मालक आहे. अनासक्ती ओळखायची खूण ही नकार देण्याची ताकद आहे. पण ती ताकद येते कशाने? आपण कोण आहोत हे काही प्रमाणात ठरल्यावर. तेरा वर्षांच्या मुलाच्या हातात दर तासाला बदलणारा आकडा द्यायचा, तो आकडा वर-खाली होईल तशी त्याच्या पोटात कालवाकालव होईल अशी सगळी यंत्रणा रचायची, आणि मग त्याला म्हणायचे की आसक्ती ठेवू नकोस, हे गीतेच्या नावाने केलेले क्रौर्य आहे. अर्जुनाला उपदेश रणांगणावर झाला खरा, पण द्रोणांच्या आखाड्यातली सगळी वर्षे संपल्यानंतर. लोकसंग्रहाची अट श्रेष्ठत्वाची आहे, आणि ते श्रेष्ठत्व कर्माने आधी यावे लागते.

एका बाबतीत मात्र मला माझ्या भूमिकेला मुरड घालावी लागते, आणि ती मुलींची आहे. मुलींना शतकानुशतके सांगितले गेले की नाव नको, दिसू नको, बोलू नको. त्यांना आज पुन्हा गप्प राहा म्हणणे, मग ते साधनेच्या नावाने का असेना, जुन्या अन्यायाला नवा साज चढवणे होईल. नागपूरची दिव्या देशमुख २०२४ च्या जानेवारीत नेदरलँड्समधल्या टाटा स्टील बुद्धिबळ स्पर्धेत खेळली. ती अठरा वर्षांची होती. स्पर्धा संपल्यावर तिने इन्स्टाग्रामवर लिहिले की प्रेक्षक तिच्या चालींऐवजी तिचे केस, कपडे, बोलण्याची ढब यांवर बोलतात, आणि पुरुष खेळाडूंच्या वाट्याला असे येत नाही. हे लिहिण्यासाठी तिच्याकडे लोक ऐकतील असे नाव असणे गरजेचे होते. पुढे जुलै २०२५ मध्ये ती बातुमीला कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकली आणि ग्रँडमास्टर झाली. पण तिची तक्रार नेमकी काय होती? तिच्या खेळावरून नजर हटून तिच्या छबीवर खिळते, ही. खेळाडू मुलींना ब्रँड बनवा सांगणारे नेमकी हीच नजर त्यांच्यावर वळवून घ्यायला सांगत असतात, कारण पडद्यावर बुद्धिबळाची चाल खपत नाही, चेहरा खपतो. दिव्याने आपले नाव साक्षीदाराच्या जागेवरून वापरले. मुलींनी दिसले पाहिजे, बोलले पाहिजे, त्यांच्या विजयाची बातमी पहिल्या पानावर आली पाहिजे. आणि स्वतःच्या दिसण्याची वखार सांभाळण्याच्या कामातून मात्र त्यांची सुटका झाली पाहिजे. या दोन मागण्या एकमेकींच्या विरोधात नाहीत.

मग पैसा कुठून यायचा? या पट्ट्यात तरी हा प्रश्न निरुत्तर नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकारावरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर (सीएसआर) खर्च करावी लागते, आणि त्या कामांच्या यादीत ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यतेचे खेळ, ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक खेळ यांचे प्रशिक्षण स्पष्ट शब्दांत आहे. चाकण, भोसरी, पिंपरीत त्या आकाराच्या कंपन्यांना तोटा नाही. नमुनाही घरचाच आहे. थेरगावला दिलीप वेंगसरकरांची क्रिकेट अकादमी महापालिकेच्या जागेवर उभी आहे आणि तिच्या नावात वाहनांचे भाग बनवणाऱ्या व्हॅरॉक कंपनीचे नाव आहे. सांगवीचा ऋतुराज गायकवाड तिथे लहानाचा मोठा झाला. २८ नोव्हेंबर २०२२ रोजी विजय हजारे स्पर्धेत उत्तर प्रदेशाविरुद्ध एका षटकात सात षटकार मारेपर्यंत, आणि पुढे चेन्नईचा कर्णधार होईपर्यंत, त्याने त्या मैदानावर किती वेळा शून्यावर दांडी गमावली असेल त्याचा हिशेब कोणाकडे नाही. कंपनीचे नाव संस्थेवर होते. मूल बाद झाले तरी संस्था चालू राहते, आणि कंपनीलाही आपले नाव कोणा अल्पवयीन मुलाच्या धावांवर टांगावे लागत नाही. हेच तालमींसाठी, नेमबाजीच्या रेंजसाठी, नेहरूनगरच्या हॉकी मैदानावर खेळणाऱ्या मुलामुलींसाठी करता येईल. मदत मागणाऱ्या मुलाच्या अर्जात वय, खेळ, गेल्या दोन वर्षांतले निकाल, प्रशिक्षकाचा अभिप्राय आणि घरचे उत्पन्न हे रकाने असावेत. फॉलोअर किती हा रकाना अठरा वर्षांखालच्या कोणाच्याही अर्जात नसावा, आणि मिळालेल्या मदतीच्या बदल्यात कंपनीच्या जाहिरातीसाठी छायाचित्र देण्याची अटही नसावी. असा अर्ज तयार करायला नवा कायदा लागत नाही, एका कंपनीच्या सीएसआर समितीची एक बैठक पुरते.